पिल्लाचा मोटारप्रवास

समजा, तुम्ही घुग्घुसला राहता. परीक्षा संपली आहे, मे महिना लागला आहे आणि शेजारच्या कुत्रीच्या पिल्लांपैकी एक नऊ आठवड्यांचे पिल्लू तुमच्या घरी आले आहे. त्याचे वजन चार किलो आहे. सुटीत नागपूरला मामांकडे जायचे ठरते आणि पिल्लालाही बरोबर न्यायचे, असा तुम्ही हट्ट धरता. बाबा हो म्हणतात. घुग्घुसहून पडोलीला यायचे आणि तेथून भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी करीत नागपूर गाठायचे. रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री घरात तीन सल्ले मिळतात. ताई म्हणते, "मी त्याला मांडीवर घट्ट धरून बसते, म्हणजे ते पडणार नाही." आजी म्हणते, "लांबचा प्रवास आहे, निघताना पोटभर दूध पाजा." काका म्हणतात, "वाटेत जेवायला उतरू तेव्हा त्याला गाडीतच राहू द्या. काच दोन बोटे खाली ठेवली की झाले."

तिन्ही सल्ले मायेपोटी दिलेले आहेत. पण पहिला धोक्याचा आहे, दुसरा त्रासाचा आहे आणि तिसऱ्याने पिल्लाचा जीव जाऊ शकतो. हे समजण्यासाठी मोठी विद्या लागत नाही. जडत्व, गतिज ऊर्जा आणि बाष्पीभवन हे तुमच्या पाठ्यपुस्तकातले तीन धडे आठवले की पुरे. चला तर, एकेक सल्ला तपासून पाहू.

ताईचा सल्ला: मांडीवर घट्ट धरले तर?

गतिमान वस्तू बाहेरून बल लावले नाही तर त्याच गतीने, त्याच दिशेने जात राहते. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातला हा पहिला नियम तुम्हांला पाठ असेल. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा आत बसलेली ताई आणि तिच्या मांडीवर झोपलेले पिल्लू यांचाही वेग तेवढाच असतो. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. ब्रेक चाकांना लागतो, पिल्लाला लागत नाही. गाडी थांबते आणि पिल्लू मात्र पुढे जाऊ पाहते.

आता थोडे गणित करू. रस्त्यात अचानक बकरी आली आणि बाबांनी जोराने ब्रेक दाबला. अशा वेळी गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. चार किलोच्या पिल्लाला तेवढेच मंद करण्यासाठी ४ × ७ म्हणजे २८ न्यूटन बल लागेल. हे सुमारे तीन किलो वजन उचलण्यासारखे आहे. ताई ते सहज सांभाळेल. म्हणूनच मांडीवरचे पिल्लू सुरक्षित असते असे तिला अनुभवाने वाटते.

पण टक्कर म्हणजे ब्रेक नव्हे. समोरच्या ट्रकवर किंवा झाडावर गाडी आदळली, तर तिचा पुढचा भाग चेपत ती अर्ध्या मीटरच्या आसपास अंतरात थांबते. ६० किलोमीटरचा वेग अर्ध्या मीटरमध्ये शून्य व्हायचा असेल, तर वेग कमी होण्याचा दर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २८ पट होतो. पिल्लाला धरून ठेवण्यासाठी लागणारे बल होते ११०० न्यूटनहून अधिक, म्हणजे ११० किलोहून जास्त वजन उचलण्याएवढे. घुग्घुसच्या मुलांना सिमेंटचे पोते परिचयाचे आहे. पन्नास किलोची दोन पोती आणि वर थोडे असे ओझे ताईच्या हातांत एकदम पडले असे समजा. तेही सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागात, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्यापूर्वी. कितीही प्रेमाने धरले तरी हात सुटणारच. ताईने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर आणखी वाईट. मग तिच्याच अंगाच्या भाराखाली पिल्लू चिरडले जाईल.

हातातून सुटलेले पिल्लू किती जोराने आदळेल? ते उंचीच्या भाषेत सांगता येते. किती उंचीवरून पडल्यावर एवढा वेग येईल, हे v² = 2gh या सूत्रावरून काढा. ताशी ४० किलोमीटरसाठी उत्तर येते सुमारे ६.३ मीटर, म्हणजे दुसऱ्या मजल्याची गच्ची. ६० किलोमीटरसाठी सुमारे १४ मीटर आणि ८० किलोमीटरसाठी सुमारे २५ मीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, हे लक्षात घ्या. पिल्लाला घेऊन चौथ्या मजल्याच्या कठड्यावर कोणी बसणार नाही. मोकळे पिल्लू घेऊन ६० च्या वेगाने जाताना आपण जवळजवळ तेच करीत असतो.

पुढच्या आसनावर आणखी एक संकट असते. आजच्या मोटारींत टकरीच्या वेळी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, फुगते. ती सेकंदाच्या साधारण विसाव्या-तिसाव्या भागात पूर्ण फुगते आणि तिचा पृष्ठभाग प्रचंड वेगाने पुढे येतो. ती पट्टा लावून बसलेल्या मोठ्या माणसाच्या मापाने तयार केलेली असते. मांडीवरचे चार किलोचे पिल्लू तिच्या वाटेतच येते. म्हणून पिल्लू पुढच्या आसनावर कधीही नसावे.

आणि मोकळे पिल्लू टक्कर झाली नाही तरी धोक्याचे असते. ते चालकाच्या पायांशी, ब्रेकच्या खाली जाऊन बसते. ते कुठे गेले हे पाहायला चालकाने दोनच सेकंद मान वळवली, तर ६० च्या वेगाने गाडी तेवढ्यात ३३ मीटर पुढे गेलेली असते. ते ३३ मीटर ती आंधळी धावते.

मग पिल्लाला ठेवायचे कुठे? बाजूंना जाळी किंवा भोके असलेल्या मजबूत पेटीत. दुकानात हिला 'पेट कॅरिअर' म्हणतात. लहान पेटीसाठी उत्तम जागा म्हणजे पुढच्या आसनाच्या मागे, खाली पायांशी. तेथे ती पुढे, मागे किंवा वर उडू शकत नाही. पिल्लाला उभे राहता यावे, वळता यावे आणि पसरून झोपता यावे एवढीच ती मोठी असावी. फार मोठी पेटी घेतली तर टकरीत पिल्लू आतल्या आत दूरवर फेकले जाऊन भिंतीवर आदळेल. पुठ्ठ्याचे खोके किंवा बांबूची टोपली पिल्लाला फिरण्यापासून रोखते खरी, पण टकरीत तिचा टिकाव लागत नाही.

पिल्लू मोठे झाले आणि पेटीत मावेनासे झाले, की मागच्या आसनावर छातीपट्टा वापरावा. याला 'हार्नेस' म्हणतात. तो गाडीच्या पट्ट्याला आखूड अडकवावा. गळ्यातला पट्टा मात्र कधीही अडकवू नये. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तेच बल रुंद छातीवर पसरले तर सोसते, पण दोन बोटांच्या पट्ट्यातून नाजूक गळ्यावर आले तर श्वासनलिका चेचते.

आजीचा सल्ला: निघताना पोटभर दूध

आता एक सोपा प्रयोग करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात चहाच्या चिमूटभर भिजलेल्या पत्त्या टाका. पाणी स्थिर झाल्यावर पेला टेबलावर ठेवूनच हलकेच गोल फिरवा. पेला फिरतो, पण पत्त्या सुरुवातीला जागीच राहतात. थोड्या वेळाने पाणीही पेल्याबरोबर फिरू लागते. आता पेला एकदम थांबवा. पेला थांबला तरी पत्त्या फिरतच राहतात. हेही जडत्वच!

तुमच्या आणि पिल्लाच्या कानाच्या आत असाच पेला आहे. आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की नलिका वळते, पण आतला द्रव मागे रेंगाळतो आणि तेथील सूक्ष्म रोमपेशींना वाकवतो. मेंदूला संदेश जातो, "डोके वळले." शेजारीच असलेल्या दोन लहान पिशव्यांत चुनखडीचे बारीक कण असतात. गाडी वेग घेते किंवा खड्ड्यात आदळते, तेव्हा हे कण सरकतात आणि मेंदूला त्याची वर्दी मिळते.

पिल्लू गाडीच्या तळाशी बसलेले असते. त्याच्या डोळ्यांना दिसते पेटीची भिंत, आणि ती तर अजिबात हलत नाही. डोळे म्हणतात, "आपण स्थिर आहोत." कान म्हणतात, "आपण वळतो आहोत, उसळतो आहोत." या परस्परविरोधी साक्षींनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते, असे वैज्ञानिक मानतात. यात कानाचा वाटा मोठा आहे, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतील विल्यम जेम्स यांनी १८८२ साली मूकबधिर माणसांचा अभ्यास केला. त्यांपैकी ज्यांच्या आंतरकर्णाचा हा भागही निकामी होता, अशा अनेकांना गरगर फिरवले तरी चक्कर येत नसे.

लहान पिल्लांच्या शरीरातली ही समतोलाची यंत्रणा पूर्ण पक्व झालेली नसते, म्हणून मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांना गाडी जास्त लागते. बरीचशी पिल्ले वर्षभरात या त्रासातून सुटतात. ओकारीपूर्वी पिल्लू लाळ गाळते, वरचेवर जांभया देते, ओठ चाटते आणि कुंईकुंई करते. अशी लक्षणे दिसली की गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबावे.

भरलेले पोट हा त्रास वाढवते. म्हणून शेवटचे खाणे निघण्यापूर्वी तीन-चार तास द्यावे आणि तेही हलके. दूध तर नकोच. आईचे दूध सुटले की पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे विकर कमी होत जाते. मग गाई-म्हशीच्या दुधाने पोट बिघडते. पण आजीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. फार लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवले तर रक्तातली साखर घसरून ते गळून जाते. तेव्हा प्रवास लांबला तर मध्ये थांबून दोन घास द्यावेत. पाणी कधीही तोडू नये. थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे.

मळमळीचे निम्मे कारण कानात असते, तर निम्मे भीतीत. रशियन वैज्ञानिक पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अन्नाच्या आधी नेहमी ठराविक इशारा मिळाला, की नुसत्या इशाऱ्यानेच त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. तुमच्या पिल्लाचा पहिलाच प्रवास ओकारीचा आणि दुसरा इंजेक्शनाचा झाला, तर गाडीचे दार उघडल्याबरोबर ते थरथरू लागेल. हाच नियम उलटा वापरा. प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधीपासून बंद गाडीजवळ त्याला खाऊ द्या. मग उभ्या गाडीत पाच मिनिटे, नंतर इंजिन चालू करून, आणि मग गावातल्या गावात एक फेरी. पेटीही आधीपासून घरात ठेवा. त्यात त्याचे नेहमीचे फडके टाका आणि तिथेच झोपू द्या. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवून दिले, की जन्मानंतरच्या तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहजपणे आपल्याशा करते. तुमचे पिल्लू नेमके त्याच वयाचे आहे.

काकांचा सल्ला: काच दोन बोटे खाली

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. हा नीट वाचा, कारण चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्यांना याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, आपल्यापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्त. ते ४१ च्या पुढे गेले की मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे यांना इजा होऊ लागते. नेहमीचे तापमान आणि संकट यांत अंतर आहे केवळ दोन-अडीच अंशांचे.

शरीरातली उष्णता चार वाटांनी बाहेर जाते: वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. यांतल्या पहिल्या तीन वाटा सभोवतालची हवा आणि वस्तू शरीरापेक्षा थंड असतील तरच उपयोगी पडतात, कारण उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. चंद्रपूर भागात मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. पिल्लाचे अंग ३९ अंश आणि हवा ४५ अंश, म्हणजे या तिन्ही वाटांनी उष्णता बाहेर पडण्याऐवजी आत येते! उरते एकच वाट, बाष्पीभवन.

आपल्याला ही वाट अंगभर मोकळी आहे, कारण आपल्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याच्या पंजांच्या गाद्यांवर थोडा घाम येतो, पण त्याने भागत नाही. ते जीभ बाहेर काढून मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा उथळ श्वास घेते. जीभ, तोंड आणि नाक यांच्या ओल्या पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. यालाच आपण धापा टाकणे म्हणतो. पिल्लू थकले म्हणून ते धापा टाकते, असे समजू नका. त्या वेळी ते स्वतःला थंड करीत असते.

या यंत्रणेची ताकद किती, ते पाहू. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. चार किलोच्या पिल्लाचे तापमान एक अंशाने बदलायला साधारण ३,३०० कॅलरी लागतात. म्हणजे सहा ग्रॅमपेक्षा थोडे कमी, चहाचा एक चमचाभर पाणी वाफ झाले, की सगळे पिल्लू एक अंशाने थंड होते. निसर्गाची ही युक्ती किती काटकसरीची आहे पाहा!

आता दुसरी बाजू. वाढत्या वयाचे असे पिल्लू अन्नातून दिवसाला सुमारे ४०० किलोकॅलरी ऊर्जा वापरते. तिचा बहुतेक भाग शेवटी उष्णताच होतो. तासाला हे साधारण साडेसोळा किलोकॅलरी, म्हणजे १६,५०० कॅलरी झाले. समजा, उष्णता बाहेर जाण्याच्या सर्व वाटा बंद झाल्या. मग १६,५०० ला ३,३०० ने भागा. उत्तर ५ येते. म्हणजे नुसत्या स्वतःच्या उष्णतेने पिल्लाचे तापमान तासाला पाच अंशांनी वाढेल आणि अर्ध्या तासात ते धोक्याच्या रेषेपलीकडे जाईल. बाहेरून येणारी उष्णता तर आपण अजून धरलीच नाही.

ती किती असते? २००५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आतले तापमान वेगवेगळ्या दिवशी मोजण्यात आले. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यांतली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. त्या दिवशी बाहेर २२ अंश होते की ३६ अंश, याने वाढीत फारसा फरक पडला नाही. खिडकीची काच थोडी खाली ठेवून पाहिली, तरी तापमानात म्हणण्यासारखी घट झाली नाही. आता घुग्घुसचे ४५ अंश घ्या आणि त्यात ही वाढ मिळवा. आकडा साठीच्या पलीकडे जातो.

काच थोडी उघडी असूनही असे का होते? काचेतून सूर्यप्रकाश आत येतो. आसने आणि पुढची काळी फळी तो शोषून तापतात आणि आतल्या हवेला तापवतात. मोकळ्या जागी तापलेली हवा हलकी होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी दुसरी हवा येते. गाडीचे छत आणि काचा हे अभिसरण रोखतात. काच अवरक्त किरण अडवते म्हणूनच आतली उष्णता साठते, असे बरेच जण सांगतात. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली हे तपासले. त्यांनी दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली आणि दुसरीवर अवरक्त किरण सहज जाऊ देणारी सैंधव मिठाची तावदानी. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच, ६५ अंशांच्या आसपास तापल्या. म्हणजे खरी करामत कोंडलेल्या हवेची! दोन बोटांच्या फटीतून एवढ्या हवेची अदलाबदल पुरेशी होत नाही.

गाडीत कोंडलेले पिल्लू धापा टाकत राहते. पण ६० अंशांच्या हवेत उष्णता चारी बाजूंनी आत घुसत असते आणि धापा टाकणाऱ्या स्नायूंची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. अंगातले पाणी संपत येते. लहान शरीराचे आणखी एक दुर्दैव असे, की वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. म्हणून एखादे मोठे कुत्रे तापायच्या आधी पिल्लू तापते. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तर नीट धापाही टाकता येत नाहीत.

येथे एका प्रसिद्ध कुत्रीची आठवण होते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने 'स्पुटनिक-२' मधून लायका नावाची कुत्री अंतराळात पाठवली. पृथ्वीभोवती फिरणारा तो पहिला प्राणी. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही भटकी कुत्री जेमतेम सहा किलोची होती. तिला परत आणण्याची सोयच नव्हती. ती कित्येक दिवस जिवंत होती असे जगाला सांगितले गेले. खरी हकीकत २००२ साली रशियन वैज्ञानिक दिमित्री मालाशेन्कोव्ह यांनी उघड केली. उड्डाणानंतर काही तासांतच कक्षातली उष्णता वाढून, तापाने आणि घाबरून लायका मेली होती. पुढे ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या मात्र अंतराळातून सुखरूप परत आल्या. स्ट्रेल्काला नंतर पिल्ले झाली आणि त्यांतले पुशिंका नावाचे पिल्लू १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी भेट म्हणून गेले. लायकाचा कक्ष थंड ठेवणे तेव्हा वैज्ञानिकांना जमले नाही. आपल्याला मात्र फक्त गाडीचे दार उघडून पिल्लाला बरोबर न्यायचे असते.

म्हणून नियम एकच: उभ्या गाडीत पिल्लाला एकटे ठेवायचे नाही. पाच मिनिटांसाठीही नाही, झाडाच्या सावलीतही नाही. सूर्य सरकतो, सावली हलते आणि 'पाच मिनिटे' जेवणाच्या ताटावर अर्धा तास होतात. इंजिन बंद झाले की वातानुकूलन बंद होते, हेही विसरू नका. जेवायला आळीपाळीने उतरा. पावसाळ्यातही बेफिकीर राहू नका. मे महिन्यात घुग्घुसची हवा कोरडी असते, म्हणून पाणी मिळाले तर धापांचा उपयोग तरी होतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत आधीच भरपूर बाष्प असते. ओले कपडे जसे वाळत नाहीत, तशीच जिभेवरची वाफही लवकर उडत नाही.

वाटेवर

पहाटे पाच वाजता निघालात, तर ऊन तापण्यापूर्वी नागपूर गाठता येते. घुग्घुसच्या रस्त्यांवर कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक सतत धावतात. पिल्लाला खिडकीतून डोके बाहेर काढू देऊ नका. आपली गाडी ६० च्या वेगाने आणि समोरचा ट्रकही ६० च्या वेगाने येत असेल, तर त्याच्यातून उडालेला खडा पिल्लाच्या डोळ्यावर ताशी १२० किलोमीटरने आदळेल.

दुपारी डांबरी रस्त्यावर पिल्लाला उतरवण्यापूर्वी आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सातपर्यंत आकडे मोजेतो ती ठेववली नाही, तर पिल्लाच्या पंजांनाही ते सोसणार नाही. आणखी एक गोष्ट. पिल्लाचे लसीकरण पूर्ण झाले नसेल, तर ढाब्याजवळ इतर कुत्री फिरतात तेथे त्याला जमिनीवर सोडू नका. १९७८ च्या सुमारास ओळखला गेलेला आणि थोड्याच काळात जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि पिल्लांना त्याचा मोठा धोका असतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. प्रवासापूर्वी पशुवैद्यांना दाखवून कोणती लस झाली आणि कोणती राहिली, हे लिहून घ्या. गाडी लागू नये म्हणून माणसांचे औषध स्वतःच्या मनाने पिल्लाला देऊ नका.

उष्माघात झालाच तर

फार जोराने आणि आवाज करीत धापा टाकणे, लालभडक हिरड्या, घट्ट चिकट लाळ, लडखडणे, ओकारी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी आधी थंड करा आणि मग दवाखान्यात न्या. पिल्लाला सावलीत आणा. साधे थंड पाणी त्याच्या अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत, ओतत राहा आणि पुठ्ठ्याने जोराने वारा घाला. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू नका. फडके लवकरच गरम होते आणि वाऱ्याची वाट अडवते, मग बाष्पीभवन होणार कसे? शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी चाटू द्या, तोंडात ओतू नका. पिल्लू ठीक दिसू लागले तरी पशुवैद्यांकडे न्याच, कारण आतल्या अवयवांची इजा काही तासांनी प्रकट होते.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने करा. शंभर अंशांपर्यंत मोजणारे प्रयोगशाळेतले दोन तापमापक घ्या. ताप मोजण्याचा तापमापक वापरू नका, तो ४२ अंशांच्या आसपासच संपतो. एक तापमापक शाळेच्या व्हरांड्यात सावलीत टांगा. दुसरा उन्हात उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीत अशा जागी टांगा, की त्यावर थेट ऊन पडणार नाही पण बाहेरून काचेतून वाचता येईल. दर पाच मिनिटांनी दोन्हींची नोंद करा आणि तासाभराने आलेख काढा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काच दोन बोटे खाली ठेवून पुन्हा मोजा. गाडीत कोणी माणूस किंवा प्राणी नसावा.

आता व्हरांड्यातल्या तापमापकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळा आणि पारा किती उतरतो ते पाहा. हाच प्रयोग मेमध्ये आणि मग जुलैमध्ये करा. दोन महिन्यांतला फरक म्हणजे पिल्लाच्या जिभेचे सामर्थ्य कोणत्या ऋतूत किती, याचा हिशेब.

दोन्ही दिवसांचे आलेख शेजारी ठेवून काकांना दाखवा. पहिल्या पंधरा मिनिटांत रेषा किती चढली आहे, तेवढे त्यांना बोट ठेवून दाखवले तरी पुरे.